जुन्या विमानाला नवे इंजिन



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, बडोद्याचा इतिहास, नाट्यसंगीत अशा विषयांवर थोरामोठ्यांनी विचार मांडले आहेत. त्या पंक्तीला माझा विषय जरा विजोड वाटेल. परंतु ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असत, आणि आज मी जे सांगणार आहे त्याचा निम्मा भाग त्यांनी आठवीच्या वर्गात शिकविलेल्या तरफेच्या नियमातच आहे. तेव्हा विषय परका असला, तरी पाहुणा घरचाच आहे असे समजून ऐकून घ्यावे.

मी विमानांच्या देखभालीच्या धंद्यात आयुष्य घालविले. कलाभवनातून बाहेर पडलो, परवाना मिळविला, काही वर्षे आपल्याकडच्या एका फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानांवर हात काळे केले, आणि पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातील एका लहानशा कार्यशाळेत स्थिरावलो. मोठी प्रवासी विमाने माझ्या वाट्याला आली नाहीत. माझे सारे काम दोन आसनी, कापडी पंखांच्या, पन्नास-साठ वर्षे वयाच्या विमानांशी. अशा विमानाचे जुने इंजिन काढून दुसऱ्या जातीचे इंजिन बसवायचे आणि त्यास सरकारची मान्यता मिळवायची, हे काम ऐकायला किरकोळ वाटते. मोटारीचे इंजिन आपण बदलतोच की! पण विमानाच्या बाबतीत तेच काम वर्ष-दोन वर्षे चालते, आणि ते तसे का चालते हाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रारंभ एका मराठी माणसापासून करतो. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे गाव आहे. तिथले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. वायुगतिशास्त्राच्या त्या काशीहून परत आल्यावर ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी पहिल्यांदा आकाशात गेले. त्या पहिल्या नमुन्यात इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचे जिप्सी मेजर इंजिन होते. नंतर उत्पादनात आलेल्या विमानांत सायरस मेजर हे १५५ अश्वशक्तीचे इंजिन बसले. अशी सुमारे १७० विमाने तयार झाली, आणि वायुदलातील वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांवर उडायला शिकल्या. पुढे या विमानांना अमेरिकेच्या लायकमिंग कंपनीचे १६० अश्वशक्तीचे इंजिन देण्यात आले. आता आकडे पाहा. १५५ च्या जागी १६०! पाच घोड्यांसाठी एवढा खटाटोप कोण करील? कारण शक्तीचे नव्हते. जुन्या इंग्रजी इंजिनांचे कारखाने बंद पडले होते, सुटे भाग मिळेनात. विमानाचा सांगाडा मात्र अजून धडधाकट होता. इंजिन बदलण्याच्या बहुतेक कथांचे मूळ हेच असते. सांगाडा इंजिनापेक्षा दीर्घायुषी निघतो.

पण ही दोन इंजिने मुळातच वेगळ्या कुळातली. इंग्रजी इंजिनात चार सिलिंडर एकामागे एक, आणि तेही उलटे टांगलेले. अमेरिकन इंजिनात दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे पसरलेले. एक अरुंद व उंच, दुसरे रुंद व बसके. म्हणजे पुढचे झाकण नवे, इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा नवा, थंड हवा आत घेण्याच्या वाटा नव्या. याहून गमतीची गोष्ट अशी की जिप्सी मेजर इंजिनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहिल्यास डाव्या दिशेने फिरतो, तर लायकमिंगचा उजव्या. त्यामुळे धावपट्टीवर वेग घेताना जे विमान एका बाजूला ओढत असे, ते नव्या इंजिनानिशी दुसऱ्या बाजूला ओढू लागते. इंग्लंडमध्ये ग्लायडर ओढून नेण्यासाठी चिपमंक विमानांना लायकमिंग इंजिने बसविली गेली, तेव्हा जुन्या वैमानिकांच्या पायांना आपली सवय मोडावी लागली. इंजिन बदलते तेव्हा माणसाचा पायही बदलावा लागतो, ही बाब कागदपत्रात एका ओळीत येते. शिकविणाऱ्याला मात्र ती आठवडाभर पुरते.

आता सरकार यात कोठे येते? प्रत्येक जातीच्या विमानाला एक टाइप सर्टिफिकेट असते. त्यास प्ररूप प्रमाणपत्र म्हणू. अमेरिकेत असे पहिले प्रमाणपत्र मार्च १९२७ मध्ये बूल एअरस्टर नावाच्या विमानाला मिळाले. या प्रमाणपत्राबरोबर आकड्यांचा एक तक्ता असतो. कोणते इंजिन, कोणता प्रोपेलर, इंजिनाच्या मिनिटाला कमाल फेऱ्या किती, कमाल वजन किती, गुरुत्वमध्य कोठपासून कोठपर्यंत चालेल, वेगाची लाल रेषा कोणती, हे सर्व त्यात नोंदलेले असते. विमान त्या तक्त्याशी जुळते आणि सुस्थितीत आहे, तोवरच ते उड्डाणयोग्य. तक्त्यात नसलेले इंजिन बसविले की ते कितीही उत्तम असो, कायद्याच्या दृष्टीने ते विमान त्या जातीचे राहत नाही. मग बदल करू इच्छिणाऱ्याने स्वतः सिद्ध करून द्यायचे असते की बदललेले विमानही मूळ विमानाइतकेच सुरक्षित आहे. ते पटले की सरकार एक पूरक प्रमाणपत्र देते. सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो, हे ध्यानात घ्यावे. सरकार 'चूक दाखवा' असे म्हणत नाही. 'बरोबर आहे हे दाखवा' असे म्हणते.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात प्रश्न येईल की १९४६ सालचे विमान आजच्या कडक नियमांत बसणार कसे? त्याचे उत्तर अमेरिकन नियमांत मोठे समंजस आहे. ६,००० पौंडांपर्यंतच्या लहान विमानात बदल करताना सामान्यतः मूळ प्रमाणपत्राच्या वेळचे नियमच लावता येतात. म्हणजे आजोबांची परीक्षा आजोबांच्याच अभ्यासक्रमावर. नवा भाग मात्र त्या अभ्यासक्रमात पुरता उतरला पाहिजे. ही सवलत नसती तर जगातील निम्मी जुनी विमाने संग्रहालयात तरी गेली असती किंवा भंगारात.

माझ्यापुढे आलेल्या एका विमानाची हकीकत सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विमान एरोंका कंपनीचे चीफ, १९४६ सालचे, ओहायोतच मिडलटाउन येथे तयार झालेले. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसूच आले, कारण समोर माझे पुष्पक उभे होते! शेजारी-शेजारी दोन आसने, वर कापडी पंख, नाकात पेट्रोलची टाकी. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले, त्याची ठेवण या चीफ कुळाशी फार जवळची. तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही. फरक इंजिनाचा. पुष्पकात कॉन्टिनेंटलचे ९० अश्वशक्तीचे, या चीफमध्ये त्याच कंपनीचे ६५ अश्वशक्तीचे.

विमानाचे मालक सत्तरीच्या घरातले शेतकरी. विमान त्यांच्या वडिलांनी घेतलेले. त्यांच्या अडचणी दोन. एक म्हणजे शेतातली गवताची धावपट्टी आखूड, टोकाला झाडे. उन्हाळ्यात दोन माणसे बसली की विमान झाडांवरून जेमतेम निघायचे. दुसरी अडचण त्यांच्या खांद्याची. त्या विमानात वीजच नाही. इंजिन सुरू करायचे म्हणजे समोर उभे राहून प्रोपेलरला हाताने झटका द्यायचा. तरुणपणी हे काम मर्दुमकीचे वाटते; सत्तरीत, ओल्या गवतावर, पाय घसरला तर पुढे काय होईल हे मी इथे सांगायला नको. त्यांना स्टार्टर हवा होता, आणि नातीला शेजारी बसवून उडायचे होते. त्यांनी मोडीत निघालेल्या एका सेसना १५० विमानाचे १०० अश्वशक्तीचे इंजिन आधीच घेऊन ठेवले होते.

मी त्यांना पहिला सल्ला दिला तो असा की, ८५ अश्वशक्तीचे इंजिन शोधा. कारण एरोंका कंपनीने स्वतःच याच कुळातल्या पुढच्या विमानांना ८५ चे इंजिन बसविले होते. कारखान्याने तुडविलेली वाट असली की आपण तिच्यावरून जावे, हा या धंद्यातला शहाणपणा आहे. दुसरा मार्ग म्हणजे कोणी तरी आधीच मिळविलेले पूरक प्रमाणपत्र वापरणे. त्यासाठी त्या धारकाची लेखी परवानगी घ्यावी लागते. पण म्हातारबोवांचे मन त्यांच्या इंजिनावर जडलेले. ते म्हणाले, "पैसे मी देतो, वेळही देतो, तुम्ही फक्त ते कसे होईल तेवढे सांगा." मग आम्ही तिसरी, लांबची वाट धरली. केवळ त्या एका विमानापुरते पूरक प्रमाणपत्र.

अर्जाबरोबर एक योजना द्यावी लागते. कोणत्या नियमाची पूर्तता कशी दाखविणार? गणिताने, तपासणीने, की प्रत्यक्ष चाचणीने? या कामी सरकारने नेमलेले पण मेहनताना अर्जदाराकडून घेणारे अभियंते असतात. ही पद्धत ऐकून आपल्याकडे लोक भुवया उंचावतात. पण त्यांची सही खोटी ठरली तर नेमणूक जाते, आणि नेमणूक हीच त्यांची उपजीविका. आमच्या गणिताची तपासणी अशाच एका गृहस्थांनी केली. इतका खडूस आणि इतका न्यायी परीक्षक मी दुसरा पाहिला नाही.

प्रथम वजन. नवे इंजिन, स्टार्टर आणि जनित्र मिळून नाकातले वजन सुमारे १६ किलोंनी वाढले. ते गुरुत्वमध्यापासून पुढे सुमारे १.२ मीटरवर. सरांची तरफ आठवा: १६ गुणिले १.२, म्हणजे १९ किलोग्रॅम-मीटरचा झोक पुढे. विमानाचे भरलेले वजन ५६७ किलो. भागाकार केला तर गुरुत्वमध्य साधारण साडेतीन सेंटीमीटर पुढे सरकतो. एवढ्याशा सेंटीमीटरांनी काय होते, असे वाटेल. पण गुरुत्वमध्याला मिळालेली सारी मुभा वीतभरही नसते. तो फार पुढे गेला तर उतरताना शेपटीची पट्टी पूर्ण वर ओढूनही नाक उचलत नाही. उपाय सोपा होता. स्टार्टरसाठी बॅटरी लागणारच होती. १० किलोंची ती बॅटरी आम्ही आसनांच्या मागे, गुरुत्वमध्यापासून दीड मीटरवर ठेवली. पंधराचा झोक मागे. उरले चार, म्हणजे सात-साडेसात मिलिमीटर. परीक्षकमहाशयांनी एवढ्यावर समाधान न मानता विमान आमच्यासमोर तीन काट्यांवर चढवून पुन्हा तोलून घेतले. आकडे जुळले.

पण वजनाची दुसरी बाजू कडू असते. इंजिन मोठे झाले म्हणून विमानाचे कमाल वजन वाढत नाही. ते ५६७ किलोच. पंख तेच, चाके तीच, सांगाड्याच्या नळ्या त्याच. रिकामे विमान पूर्वी ३४० किलो होते, उरत २२७. त्यातून पेट्रोलचे ४१ आणि दोन माणसांचे १५० वजा केले की ३६ किलो हाती राहत. आता इंजिन, बॅटरी आणि तारा-बिरा मिळून ३० किलो गेले. राहिले सहा! म्हणजे शक्ती दीडपट झाली आणि सामान नेण्याची क्षमता सहावर आली. नात सडपातळ होती हे आमचे नशीब. हीच गोष्ट वेगाची. लाल रेषा जिथे होती तिथेच राहते. पंखांना आणि शेपटीला इंजिन बदलल्याची खबर नसते. त्यांना हवेचा दाब तेवढा कळतो. अधिक शक्ती मिळते ती चढण्यासाठी, धावण्यासाठी नव्हे.

इंजिन धरणाऱ्या सांगाड्याचे गणित करताना मला एक गोष्ट नेहमी मौजेची वाटते. ६५ अश्वशक्ती मिनिटाला २३०० फेऱ्यांवर मिळते. पिळाचे बल येते २०१ न्यूटन-मीटर. १०० अश्वशक्ती २७५० फेऱ्यांवर, पीळ २५९. शक्ती निम्म्याहून अधिक वाढली, पण पीळ तिसऱ्या हिश्शाहूनही कमीच, कारण नवे इंजिन अधिक भरभर फिरते. मात्र हा झाला सरासरी पीळ. चार सिलिंडरांचे इंजिन धक्क्याधक्क्यांनी चालते, म्हणून नियम सांगतो की चार सिलिंडर असतील तर सरासरीच्या दुप्पट धरा. तीन असतील तर तिप्पट. म्हणजे आमच्या नळ्यांनी ५१८ न्यूटन-मीटर सोसले पाहिजे, आणि तेही विमान वाऱ्याच्या धक्क्यात सापडलेले असताना. गणितात नळ्या टिकल्या. एका सांध्याला मात्र पट्टीचा आधार द्यावा लागला.

प्रोपेलरबद्दल थोडक्यात. तो कापून-छाटून कोणत्याही इंजिनाला चालत नाही. इंजिनाच्या धक्क्यांचा ताल आणि पात्यांच्या कंपनाचा ताल जुळून आले तर पाते हवेत तुटू शकते. म्हणून इंजिन आणि प्रोपेलर यांची जोडी मान्यताप्राप्त असावी लागते. आम्ही तशी जोडी घेतली आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

खरी कसोटी पेट्रोलची ठरली. या विमानात पंप नाही. टाकी नाकात, कार्ब्युरेटर तिच्या खाली. पेट्रोल आपल्या वजनाने उतरते. नियम असा की अशा व्यवस्थेत इंजिनाला पूर्ण शक्तीवर लागेल त्याच्या दीडपट पेट्रोल वाहून आले पाहिजे. १०० अश्वशक्तीला तासाला साधारण ३५ लिटर लागतात; दीडपट म्हणजे ५२. चाचणी अगदी घरगुती. विमानाचे नाक चढणीच्या कोनाहूनही थोडे अधिक वर करायचे, टाकीत तळाशी अगदी थोडे पेट्रोल ठेवायचे, कार्ब्युरेटरशी नळी सोडायची आणि खाली मापी बादली धरायची. हातात घड्याळ. पाच मिनिटांत ४.३ लिटर हवेत, आले ३.७. हिशेबाने तासाला ४४ लिटर.

आता म्हातारबोवांचा युक्तिवाद ऐका. "इंजिनाला पस्तीस लागतात, येतात चव्वेचाळीस. नऊ लिटर वर आहेत. माझ्या गोठ्यातला नळसुद्धा इतका उदार नाही. आणि टाकी जवळजवळ रिकामी असताना एवढे नाक वर करून उडायला मी काय वेडा आहे?" युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण अधिकारी गृहस्थांनी शांतपणे मान हलविली. मलाही त्यांचेच पटत होते. त्या दीडपटीत कोणाची लहर नाही. चाचणी स्वच्छ पेट्रोलवर होते. पुढे गाळणीत कचरा साचणार आहे. चाचणी थंड दिवशी होते. उन्हात नळी तापली की पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडखळतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र एखादा किडा बुजवितो. हे सारे एकाच वेळी घडू शकते, आणि ते घडायला उड्डाणाची पहिली दोन मिनिटे पुरेशी असतात, जेव्हा खाली धावपट्टी संपलेली असते आणि समोर झाडे असतात. जुन्या ६५ च्या इंजिनाला दीडपटीने ३४ लिटर लागत. तिथे ४४ ऐसपैस होते. म्हणून साठ वर्षे कोणाला शंका आली नाही. इंजिन बदलले आणि तीच नळी, तोच कॉक अपुरा ठरला.

आम्ही वाट शोधत मागे गेलो. नळी पुरेशी रुंद होती. अडत होते ते बंद-चालू करण्याच्या जुन्या पितळी कॉकमध्ये. त्याचे भोक नळीच्या मानाने बारीक. मोठ्या भोकाचा मान्यताप्राप्त कॉक बसविला, वळणे एक कमी केले, पुन्हा बादली धरली. ४.६ लिटर. त्या दिवशी म्हातारबोवांनी सर्वांना दुपारचे जेवण दिले. कॉकचे पैसेही त्यांनी हसत दिले असे मात्र म्हणता येत नाही.

पुढच्या चाचण्या हवेतल्या. इंजिन थंड राहते का, हे चढण घेत पाहायचे. ओहायोत मार्च महिना, बाहेर १० अंश. पण नियम ३८ अंशांचा दिवस धरायला सांगतो, म्हणून सिलिंडरच्या माथ्याच्या मोजलेल्या तपमानात २८ अंश मिळवायचे. माझ्या मनात त्या वेळी बडोद्याचा मे महिना होता. ३८ अंश म्हणजे आपल्याकडे सकाळची वेळ! आकडे मर्यादेत बसले, तरी थंड हवा वळविणारी पत्र्याची एक पट्टी आम्ही वाढविली. मग कार्ब्युरेटरमधील बर्फाचा उपाय. पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार होते की दमट दिवशी बाहेर ऊब असूनही आत बर्फ धरतो. त्यावर गरम हवा आत सोडण्याची झडप असते. बाहेर साधारण शून्य अंश असताना पाऊण शक्तीवर तिने आतल्या हवेचे तपमान ५० अंशांनी वाढविले पाहिजे. एक्झॉस्टभोवतीचे जुने वेष्टण नव्या इंजिनाला बसेना, म्हणून सेसनाचे घेतले. शेवटी एक क्षुल्लक वाटणारे काम. स्टार्टर, जनित्र, तारा आल्या की होकायंत्राची सुई बहकते. म्हणून विमान मोकळ्या मैदानात दिशादिशांना वळवून नवे सुधारणा-पत्रक तयार करावे लागते. वीज नसलेल्या विमानात वीज आणली की उत्तर दिशासुद्धा नव्याने शोधावी लागते.

अर्ज टाकल्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत चौदा महिने गेले. फाईल दोन बोटे जाड झाली. त्यानंतर ३३७ क्रमांकाचा नमुना भरला, विमानाच्या नोंदवहीत नोंद झाली, वैमानिकाच्या पुस्तिकेला चार पानांची पुरवणी जोडली. नातीचे पहिले उड्डाण मी पाहिले. विमान झाडांवरून बरेच उंच गेले.

आपल्या देशातील स्थितीबद्दल दोन शब्द. आपल्याकडेही प्ररूप प्रमाणपत्र आणि पूरक प्रमाणपत्र यांची अशीच रचना आहे. ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते. ज्या १९३४ च्या कायद्यावर ही इमारत उभी होती, त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. पुष्पक विमाने दीडशेच्या आसपास तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत विखुरली. आज एखादे पुष्पक पुन्हा उडवावे असे कोणाच्या मनात आले, तर इंजिनाचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. काही लोक म्हणतात, ऑस्ट्रियाचे रोटॅक्स इंजिन बसवा; हलके आहे, मोटारीच्या पेट्रोलवर चालते. हलके आहे हे खरे, पण तिथेच गोम आहे. मघाचे गणित उलटे करा. नाक हलके झाले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि मागे सरकलेला गुरुत्वमध्य हा पुढे गेलेल्यापेक्षा अधिक घातक. विमान गिरकीत सापडले तर बाहेर येईना होते. म्हणून अशा वेळी इंजिन मुद्दाम पुढे न्यावे लागते, नाक लांब होते, आणि लांब नाक हवेत विमानाला वळविण्याची खोड लावते. मग शेपटी तपासा. एका धाग्याला ओढले की सगळे वस्त्र हलते. शिवाय मोटारीच्या पेट्रोलमध्ये आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉल असते. जुन्या विमानांतील रबरी नळ्या, बुचाचे तरंगते खुंट आणि टाकीला आतून लावलेले लेप यांना ते मानवत नाही.

पेट्रोलवरून आठवले. जुन्या कॉन्टिनेंटल इंजिनांना लागणारे विमानाचे पेट्रोल आपण वर्षानुवर्षे परदेशातून आणत होतो. २०२२ पासून इंडियन ऑइल ते आपल्याच देशात तयार करते, आणि ते तयार होते इथून हाकेच्या अंतरावर, आपल्या बडोद्याच्या रिफायनरीत! त्यात शिसे असते. ६५ किंवा ८५ च्या जुन्या इंजिनांना इतक्या शिशाची गरज नसते, ते स्पार्क प्लगवर साचते, झडपा चिकटवते. म्हणजे योग्य पेट्रोल मिळाले तरी दर पन्नास तासांनी प्लग साफ करण्यातून सुटका नाही. हे काम मी हजारदा केले आहे. ते कंटाळवाणे आहे आणि टाळण्याजोगे नाही.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला या विषयात रस असेल तर त्यांच्यासाठी एक गोष्ट मी सोबत आणली आहे. त्या चीफ विमानाच्या वजनाचे, पिळाचे आणि पेट्रोलच्या चाचणीचे मूळ हिशेब, मालकाचे नाव व विमानाचा क्रमांक झाकून, मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवीत आहे. परीक्षकमहाशयांनी लाल शाईने मारलेल्या प्रश्नचिन्हांसकट. एकूण एकोणतीस आहेत. प्रत्येकाचे उत्तर पुढच्या पानावर आहे; आधी स्वतः करून पाहावे, मग पान उलटावे.